वडिलांवरचा डाग

फोटोवरचा डाग काढायला घेतला आणि डागाबरोबर वडीलही निघून गेले, असं सहसा कुणाच्या घरी होत नाही. तराजूकाकांच्या घरी झालं. आणि ते इतक्या शास्त्रशुद्ध पद्धतीने झालं, की दोष द्यायला आसपास दुसरा माणूससुद्धा सापडेना.

तराजूकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली. दुकानदाराने पारड्याखाली चिकटवलेलं मेण काढावं तर तराजूकाकांनीच, असा त्यांचा लौकिक होता. निवृत्त झाले तरी दूधवाला त्यांच्या जिन्यात आपलं माप आधी स्वतः तपासून घ्यायचा आणि मगच घंटी वाजवायचा. बायकोने ‘चिमूटभर मीठ’ म्हटलं तर ‘कुणाच्या चिमटीने?’ असं विचारणारा माणूस. संसार झाला हे त्या माउलीचं कर्तृत्व, यांचं नव्हे.

अशा माणसाला आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेकडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल.

“हळूहळू म्हणजे किती?” काकांनी विचारलं.

“ते कुणालाच सांगता येत नाही.”

हे उत्तर एखाद्या दुकानदाराने दिलं असतं तर काकांनी त्याचा परवाना काढून घेतला असता. इथे ते मुकाट्याने घेऊन, आईचा हात धरून घरी यावं लागलं.

त्या दिवशी संध्याकाळी खिडकीशी बसल्याबसल्या आई म्हणाली, “मला एकदा ह्यांचा चेहरा नीट बघून घ्यायचाय रे. हल्ली आठवेनासा झालाय. डोळे मिटले की नुसता शर्ट दिसतो. वर काही नाही.”

‘हे’ म्हणजे काकांचे वडील. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. काका पाळण्यात असताना तापाने गेले. त्यामुळे काकांना वडील आठवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या लेखी वडील म्हणजे कपाटातला तो एक फोटो. दुसरा कधी काढलाच गेला नाही. आणि तोही कसा, तर इतका पिवळा पडलेला की माणूस धुक्यात बसलाय असं वाटावं. भरीला नेमका चेहऱ्याभोवती चहाचा तपकिरी गोल, कपाळावरून एक ओघळ. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

हा डाग कुणी पाडला, याचा तपास काकांनी लहानपणीच लावून टाकला होता. आत्या धांदरट होती, आत्या चहाबाज होती, आत्या ते कपाट आवरायची. पुरावा झाला. आत्या जिवंत असेपर्यंत काका तिच्याशी कामापुरतंच बोलले. आईला विचारलं तर ती म्हणायची, “असू दे, जुनी गोष्ट आहे,” आणि काका समजायचे, आई नणंदेला पाठीशी घालतेय.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहायचे. कुणाच्याही घरात अडचण आली की तिचा वास त्यांना जिन्यातच लागायचा. उंटावरचा शहाणा म्हणावं तर उंटालासुद्धा तेच सल्ला देत असतील. ते म्हणाले, “अहो, या काळात असल्या गोष्टीचं टेन्शन घेतं का कुणी? कॉम्प्युटरवाल्याकडे द्या. चहा प्यायला जा, परत येईपर्यंत फोटो तयार.”

फोटो खरोखरच तयार झाला. डाग नव्हता, पिवळेपणा नव्हता, वडील तुकतुकीत होते. काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

“हा डावा डोळा कुणाचा?”

“सॅम्पलचा आहे सर,” कॉम्प्युटरवाला म्हणाला. “ओघळाखाली काही उरलंच नव्हतं. हा डोळा सगळ्यांना बसतो.”

“आणि हे गाल?”

“गाल भरून दिले. पैसे त्यातच धरलेत.”

काकांनी तो फोटो घरी आणून आईपुढे धरला. नाही म्हटलं तरी मनात आशा होती. आईने तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि अगदी सभ्यपणे विचारलं, “हे कोण गृहस्थ?”

तिथे काकांचं खातं जागं झालं. ही भेसळ होती. वडिलांमध्ये भेसळ! काकांनी जन्मभर जप्त केलेल्या खोट्या वजनांचे फोटो एका जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर काढले होते. खात्याने तो कॅमेरा लिलावात काढला तेव्हा त्यांनीच घेतला होता, फोटो मोठे करायच्या यंत्रासकट. “फिल्म खोटं बोलत नाही,” त्यांनी बायकोला सांगितलं. “समोर असेल तेवढंच देते. ना कमी, ना जास्त.”

“मग डागही देईल की,” बायको म्हणाली.

बायकोचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच काकांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. ते गेले तळमजल्यावरच्या फिजिक्सच्या बाईंकडे. बाई अजून शाळेत शिकवत होत्या, त्यामुळे समजावून सांगायला लागल्या की वर्गाइतकाच आवाज लावायच्या.

“सोपं आहे. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घ्यायची आणि लेन्सवर पिवळी काच लावायची. पिवळ्या काचेतून बघितलं की जे पिवळं आहे ते पांढऱ्यात मिसळून जातं. डाग पिवळट, काच पिवळी, डाग दिसणार नाही. मात्र...”

“कळलं.”

“मात्र त्याच रंगाचं आणखी जे काही असेल...”

“कळलं म्हटलं ना, बाई.”

अर्धं ऐकून उठणारे विद्यार्थी बाईंनी पुष्कळ पाहिले होते. त्यांनी दार लावून घेतलं.

पिवळी काच गावात कुठे मिळेना. फिल्मचाच धंदा बसलेला, तर तिच्यापुढे लावायच्या काचा कोण ठेवतो? काकांनी ती टपालाने मागवली. निळ्या, लाल, हिरव्याही होत्या. ‘नको ते कशाला’ म्हणून एकच. काही दिवसांनी पार्सल ऑफिसातून निरोप आला, की आपली वस्तू आली आहे, येऊन सोडवून न्या.

“आत काय आहे?” खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

“काच.”

“फुटणारी वस्तू. शेजारची खिडकी.”

शेजारच्या खिडकीतल्या बाईंनी खोका कानाशी धरून हलवला. “शोभेची की उपयोगाची?”

“उपयोगाची,” काका ताठ मानेने म्हणाले. शोभेची म्हणाले असते तर तिथेच सुटले असते.

“मग उपयोगाचा दाखला लागेल.”

“तो कोण देतं?”

“ते या ऑफिसला माहीत नाही.”

हे वाक्य काकांच्या ओळखीचं होतं. नुसतं ओळखीचं काय, त्यांनीच कितीतरी वर्षं शेकडो दुकानदारांना ऐकवलं होतं, याच सुरात, चहा ढवळता ढवळता. समोरून ऐकायला ते इतकं वाईट लागतं हे मात्र त्यांना नव्यानेच कळलं. शेवटी फिजिक्सच्या बाईंनी शाळेच्या कागदावर ‘सदर काच उपयोगाची आहे’ असं लिहून दिलं. लिहिताना त्यांचं ते ‘मात्र’ त्यांच्या भुवईवर बसलेलं होतं.

मग बाथरूमची डार्करूम झाली. झरोक्याला काळा कागद, दाराला गोधडी, कमोडवर रसायनांचे ट्रे, वॉशिंग मशीनवर फोटो मोठे करायचं यंत्र आणि छताला लाल दिवा. बायको टॉवेल घेऊन दारात उभी राहिली आणि “आपलीच मोरी आणि...” एवढं म्हणून, सासूबाई ऐकतायत हे लक्षात येऊन थांबली. मॅनेजर दारातून आत डोकावून तीनदा सल्ला देऊन गेले आणि प्रत्येक वेळी उजेड आत सोडून गेले. फोटोचा पहिला कागद त्यात काळा झाला. दुसऱ्या वेळी मशीनमध्ये चादरी होत्या हे कुणी काकांना सांगितलं नव्हतं. मशीन गरगरायला लागलं आणि फोटोत वडिलांची खुर्चीसुद्धा थरथरली. तिसऱ्या वेळी झरोक्याचा कागद कोपऱ्यात सुटला. वॉचमनला बाहेरून लाल उजेड दिसला. लाल म्हणजे धोका एवढं त्याला शिकवलेलं होतं, आणि तो कर्तव्याला जागून धावत गेला व इमारतीचा मेन स्विच पाडून आला. लिफ्टमध्ये अडकलेल्या मॅनेजरांनी आतूनही सल्ले चालूच ठेवले होते, असं म्हणतात.

चौथ्या वेळी कागद सुखरूप ट्रेमध्ये गेला. काका ट्रे हलवत उभे राहिले, मागे बायको. रसायनात कागदावर हळूहळू काळं उमटू लागलं. आधी खुर्चीचा हात आला. मग कोट आला, कोटाची बटणं आली, मागच्या पडद्याच्या चुण्या आल्या. डागाचा मागमूस नव्हता. काका आनंदाने ट्रे आणखी जोरात हलवू लागले.

“अहो,” बायको हळूच म्हणाली, “मामंजी कुठायत?”

कोट खुर्चीत व्यवस्थित बसला होता. कॉलर ताठ होती. कॉलरच्या वर पांढरा कागद होता. मूळ फोटोत उडत उडत राहिलेला चेहरा फिका पिवळाच उरला होता, डागाच्याच जातीचा. पिवळ्या काचेने दोघांना एकाच मापाने मोजलं आणि दोघांनाही बाहेर काढलं. बाईंचं ‘मात्र’ होतं ते हेच. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ऐकलं होतं, इथे दोघांनाही दिली.

“झाला का रे फोटो?” बाहेरून आईने विचारलं.

“कागद खराब निघाला,” काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आईला खोटं माप दिलं. कोट तेवढा बसलेला तो फोटो त्यांनी ओलाच घडी करून खिशात घातला, आणि नंतर बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. वडील एकदा गेले होते तेव्हा काकांना काही कळत नव्हतं. या वेळी कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ते बाईंकडे गेले आणि दारातच म्हणाले, “मात्र?”

बाईंनी टोमणा मारला नाही, हे त्यांचं मोठेपण. “निळी काच लावा,” त्या म्हणाल्या. “निळ्यातून पिवळं काळं दिसतं. पुसट झालेले वडील वर येतील. डागही वर येईल, त्यांच्याहून काळा. दोघं एकाच रंगाचे आहेत काका, एकाला ठेवून दुसऱ्याला काढता येणार नाही. काय हवंय ते ठरवा.”

काकांनी निळी काच मागवली. ती येईपर्यंत मॅनेजरांच्या नातीचा निळा गॉगल लेन्सला बांधून पाहिला. त्यात वडिलांपेक्षा गॉगलवरच्या बोटांचे ठसे जास्त छान आले. आई रोज विचारायची, “तुझ्या काचा आल्या का रे?” आणि लगेच म्हणायची, “घाई नाही हं.” पण घाई होती, सगळ्यांना दिसत होती. चहाचा कप घेताना तिचा हात कपाच्या शेजारी पडायचा. एका सकाळी काका समोर जाऊन बसले तर ती म्हणाली, “कान दिसतात तुझे. मधला तू कुठे गेलास?” म्हणाली हसत हसत. काका उठून गॅलरीत गेले.

अखेर पार्सल आलं. या वेळी काका दाखला घेऊनच गेले होते. फुटणाऱ्या वस्तूंची खिडकी, उपयोगाची वस्तू, सगळं बिनबोभाट पार पडलं. शेवटी कारकुनाने नियमाप्रमाणे खोका काट्यावर ठेवला. काका बघत होते. बघू नये असं त्यांना वाटत होतं, पण डोळा गेलाच. खोका ठेवायच्या आधी काटा शून्यावर नव्हता. अगदी जरासा, केसभर पुढे.

जीभ चावावी, खोका उचलावा, घरी जावं. बायकोने निघताना हेच बजावलं होतं. पण सुंभ जळतो, पीळ जात नाही.

“तुमचा काटा शून्यावर नाही,” तराजूकाका म्हणाले.

कारकुनाने काट्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि खोका परत आत ठेवला. “तक्रार आहे म्हणता? मग काटा तपासून येईपर्यंत या काट्यावरचं एकही पार्सल सोडता येणार नाही.” मागच्या रांगेतून जे शब्द ऐकू आले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. काका म्हणाले, तक्रार नाही, मी सहज म्हटलं, जाऊ दे. कारकून म्हणाला, आता कसं जाऊ द्यायचं, आपणच तर लक्षात आणून दिलंत. काटा तपासायचं काम अर्थातच वजनमापे खात्याचं होतं, आणि ते खातं किती वेळ घेतं हे काकांइतकं कुणाला ठाऊक होतं? ते जुन्या ऑफिसात जाऊन हात जोडून आले. त्यांच्या खुर्चीवर आता बसणाऱ्या साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, “क्रमाने होईल. तुम्हीच घालून दिलेली शिस्त आहे.”

काटा तपासून आला तोवर आईचं मधलं सगळं गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दिव्यात बघून नुसती मान हलवली, आणि काकांनी या वेळी ‘किती’ असं विचारलं नाही. केसभर फरकापायी आपण आईचा चेहरा, म्हणजे आईला बघायचा होता तो चेहरा, घालवला, हे त्यांनी बायकोला स्वयंपाकघरात सांगितलं आणि ओट्याला टेकून रडले. बायकोने पदराने त्यांचा चष्मा पुसून दिला आणि बाथरूममधले टॉवेल आपणहून काढून ठेवले.

आता कुणासाठी करायचं, असा प्रश्न होता, पण हातात घेतलेलं अर्धवट टाकायची सवय नव्हती. निळ्या काचेतून फोटो काढला. लाल दिव्याखाली कागद ट्रेमध्ये सोडला. आधी गोल आला, काळा कुळकुळीत, कुणी शाईने काढल्यासारखा, मग ओघळ. आणि मग त्या गोलाच्या आत, हळूहळू, एक माणूस वर आला. रुंद कपाळ. जाड भुवया, त्यातली डावी ओघळाखाली अर्धी बुडालेली. मिटलेले ओठ. मांडीवरच्या हाताच्या नखांत छापखान्याची शाई. आणि दोन्ही बाजूंना गोलाच्या बाहेर आलेले मोठे कान, जे काका रोज दाढी करताना आरशात बघायचे.

आपल्यापेक्षा कितीतरी तरुण असलेल्या त्या माणसाकडे काका बघत राहिले. बायकोने आठवण करून दिली तेव्हा कुठे त्यांनी कागद रसायनातून काढला.

फोटो वाळल्यावर ते आईकडे घेऊन गेले. आईने तो हातात घेतला आणि मान वळवून खिडकीकडे बघितलं. आता तिला एखादी गोष्ट बघायची तर दुसरीकडे बघावं लागायचं.

“गोल दिसतोय,” ती म्हणाली. “काळा.”

“डाग आहे तो, आई. नाही निघाला. काढायला गेलो तर...”

“कशाला काढायला गेलास? कप आहे ह्यांचा.”

काकांना कळेना. आई गोलावरून बोट फिरवू लागली. कागदावर हाताला काही लागत नव्हतं, तरी बोट बरोबर गोलावरून जात होतं.

“फोटो आला ना त्या दिवशी, मी म्हटलं, किती छान आलाय. तर म्हणाले, या तोंडाचा एवढाच उपयोग, आणि ठेवला गरम कप वर. छापखान्यातली खोड. कागद दिसला की त्यावर कप. मी अशी चिडले, बोलणंच टाकलं. तर हे आपले भिंतीला विचारत हिंडायचे, ‘अहो भिंतबाई, चहा मिळेल का?’” आई हसली. “शेवटी हसले मीच. म्हणून तर कुणाला पुसू दिला नाही तो.”

आत्या बिचारी जन्मभर दोषी राहिली आणि तशीच गेली. काकांनी मान खाली घातली.

“मग तू मला कधी सांगितलं का नाहीस?”

“ते आमच्या दोघांतलं होतं,” आई म्हणाली.

मग काकांनी विचारलं, “चेहरा दिसतोय?”

“नाही रे. गोलाच्या आत काही नाही.” तिने फोटो त्यांच्याकडे दिला. “तू सांग.”

काकांनी घसा साफ केला. उभ्या आयुष्यात त्यांनी कितीतरी वस्तूंचं वर्णन लिहून काढलं होतं, सगळं जप्तीसाठी. ते म्हणाले, “कपाळ रुंद आहे. केस मागे वळवलेत, एक बट सुटलीय. भुवया जाड. उजवी जराशी वर.”

“हसतायत?”

काका फोटो खिडकीशी घेऊन गेले. नक्की असेल तेवढंच सांगायचं होतं. “ओठ मिटलेत. पण कोपरा दाबून धरलाय. हसू दाबलंय, आई.”

“दाबणारच. फोटोवाला हलू नका, हलू नका म्हणत होता, आणि मी त्याच्या मागे उभी होते.”

“काय करत होतीस?”

“ते तुला कशाला?” आई म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले. बराच वेळ ती तशीच बसली. तिला झोप लागली असं वाटून काका फोटो ठेवायला उठले.

“शर्टाच्या वर काहीतरी यायला लागलंय,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “पुन्हा सांग. सावकाश.”

काका बसले आणि पुन्हा कपाळापासून सांगू लागले.